गोदूबाईची जीभ

खरवईत कुणाच्या चुलीवर काय आहे हे गोदूबाई वाटेनं जाता जाता सांगायची. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं, पण तुमचा भात खाली लागलाय, तुमचं सुकट जुनं आहे, हेही ती बाहेरूनच मोठ्यानं सांगायची. त्यामुळे अर्ध्या गावच्या बायका तिला येताना पाहिलं की दार ओढून घेत. पुरुषमाणसं मात्र तिला पाट देत. त्याला कारण होतं मेळाचं.

मेळ म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. खरवई आणि आजूबाजूच्या चार गावांतल्या घरांत सोयरीक ठरली की मुलाकडचे आपल्या झाडाचं एक मडकं आणत आणि मुलीकडचे आपल्या झाडाचं. कुणाची ताडाची ताडी, कुणाची शिंदीची. एक उग्र, एक पातळ आणि गोडसर. दोन्ही मडकी मांडवात ठेवायची आणि तिसऱ्या कोऱ्या मडक्यात त्यांचा मेळ घालायचा. यातल्या किती पळ्या, त्यातल्या किती, हे मेळ घालणाऱ्यानं चाखून ठरवायचं. प्यायल्यावर दोन्हीकडच्यांना आपलं झाड ओळखू आलं पाहिजे आणि कुणाचंही झाड दुसऱ्यावर चढून बसता कामा नये. तसं जमलं की सोयरीक पक्की. नाही जमलं, तर ‘मेळ लागला नाही’ एवढंच म्हणायचं आणि आपापलं मडकं उचलून घरी जायचं. त्यात कुणी कुणाला नाव ठेवायचं नाही, मुलीला तर नाहीच.

हे काम बावीस वर्षं गोदूबाई करत होती. ती विधवा, मूलबाळ नाही, दिराच्या घरात मागच्या पडवीत राहायची. दीर वाईट नव्हता, पण जाऊ चिमी जेवण वाढताना पळी आपटायची. वर्षाचे बाकीचे दिवस गोदूबाईला ती आपटलेली पळी ऐकू यायची. मेळाच्या दिवशी मात्र तिला न्यायला माणूस येई, नवं लुगडं मिळे, आणि पाटलाच्या शेजारी पाटावर बसून ती बोट वर करेपर्यंत चाळीस माणसं श्वास धरून बसत. एकदा येरंजाडच्या एका मांडवात तिनं एकच थेंब जिभेवर घेऊन सांगितलं होतं, ह्यात पाणी आहे. मुलाच्या चुलत्यानं तिथंच कबूल केलं. तेव्हापासून गोदूबाईची जीभ म्हणजे शेवटचा शब्द झाला.

आणि एकोणपन्नास सालच्या थंडीत ती जीभ गेली.

पौषात तिला ताप आला. नऊ दिवस आला, दहाव्या दिवशी उतरला. उठून बसल्यावर तिनं पेजेचा घोट घेतला आणि चिमीला म्हणाली, “पेजंत मीठ नाय घातलास?” चिमीनं घातलं होतं. गोदूबाईनं आणखी घालायला लावलं, मग आणखी, आणि शेवटी चिमीनं वाटगा तिच्या हातातून ओढून घेतला. दोन दिवसांनी चुलीवर भात जळत होता, घरभर धूर झाला, आणि गोदूबाई चुलीसमोर बसून शांतपणे तांदूळ निवडत होती. तिला धूर दिसला, वास आला नाही. चिमीनं म्हटलं, तापानं बाईचं डोकं फिरलं.

डोकं ठीक होतं. निदान गोदूबाईला तसं वाटत होतं. पण गूळ खावा तर ढेकूळ, चिंच खावी तर चिंधी, आणि दिराची ताडी गुपचूप जिभेवर घ्यावी तर विहिरीचं पाणी. ती आधी घाबरली, मग वैतागली, मग गोंधळून गेली. चव गेली म्हणजे कुठे गेली? डोळा गेला तर अंधार दिसतो, कान गेला तर शांतता असते. इथे तर काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याला नावही नव्हतं. कुणाला सांगावं तर सांगायचं काय? आणि सांगितलं की पाट गेला. मग उरलं काय, तर मागची पडवी आणि आपटलेली पळी. तिनं ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. येईल परत. ताप गेला तशी जीभ येईल.

जीभ आली नाही. फाल्गुनात शेजारचा जनू आला.

“गोदूबाय, काशीचा जमलाय. अंबरनाथला, देवलाच्या पल्याड, अनंताच्या चंदूला. सोमवारी मेल घालाचा हाय.”

जनू मोठ्या कौतुकानं सांगत होता: अनंताच्या शिंद्या वालधुनीच्या काठावर, आपले ताड टेकडीवर, काय मेळ होईल बघ. गोदूबाई नुसती मान हलवत राहिली. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि तिच्याकडे असलेलं एकच कारण सांगण्यासारखं नव्हतं.

मग तिनं सहा दिवस आपल्या परीनं अभ्यास केला. दिराची ताडी आणि पलीकडच्या घरातून मागून आणलेली शिंदी दोन वाटग्यांत घेऊन ती पडवीत बसायची. ताडीचा फेस जाड, तो बसायला वेळ लागतो. शिंदीचा फेस पातळ, बघता बघता विरतो. बोटावर घासली तर ताडी चिकटते, शिंदी घसरते. कानाजवळ धरली तर ताडी चुरचुरते, शिंदी नुसती कुजबुजते. गोदूबाईला जरा धीर आला. जीभ नसली तर नसली, डोळा आहे, बोट आहे, कान आहे. बावीस वर्षांचा अंदाज आहे. निभावून नेऊ.

सोमवारी जनूच्या अंगणात मांडव भरला. सखा पाटील हिवतापातून उठून, कांबळं पांघरून आले होते. अंबरनाथचे पाहुणे एका बाजूला, खरवईकर दुसऱ्या बाजूला, मध्ये पाट. पाटावर गोदूबाई, नव्या लुगड्यात, वरून दगडासारखी आणि आतून पाणी पाणी झालेली.

तिनं अनंताच्या मडक्यावरचं फडकं काढलं. फेस जाड. बसेना.

तिनं जनूचं मडकं उघडलं. फेस जाड. बसेना.

तिनं अनंताच्या मडक्यात बोट बुडवून घासलं. चिकट. जनूच्या मडक्यात बुडवून घासलं. तेवढंच चिकट. कान लावला. इकडे चुरचुर, तिकडे चुरचुर. वालधुनीच्या शिंदीला ताडाचा फेस कसा येईल? म्हणजे आता डोळाही गेला काय? आणि बोट? आणि कान? एका तापानं माणसाचं एवढं सगळं जातं काय? तिला क्षणभर खरंच वाटलं की आपण कधीचे मेलोय आणि कुणी सांगायचं विसरलंय.

पण चाळीस माणसं बघत होती. तिनं मग नाटक केलं. अनंताच्या तीन पळ्या, जनूच्या दोन. जिभेवर थेंब घेतला, डोळे मिटले, मान हलवली. जनूची आणखी एक. परत थेंब. परत मान. मग अनंताची अर्धी पळी घातली आणि कुणाला समजू नये अशी थोडी परत काढली. इतका नाजूक मेळ गोदूबाईनं आयुष्यात घातला नव्हता.

घराच्या दारात काशी उभी होती. सतरा वर्षांची पोर, डोक्यावरून पदर, आणि पदराखालून तिचे डोळे गोदूबाईच्या तोंडावर खिळलेले. पापणी लवत नव्हती. केवढा विश्वास आहे पोरीचा, असं गोदूबाईला वाटलं, आणि तिला आणखी कसंतरी झालं. तिनं बोट वर केलं.

“लागला,” ती म्हणाली.

दारातला पदर एकदम आत गेला.

वाटगा आधी अनंताकडे गेला. त्यानं घोट घेतला, थांबला, गोदूबाईकडे पाहिलं, आणि घोट गिळला. मग जनूकडे गेला. जनूनंही घोट घेतला, थांबला, गोदूबाईकडे पाहिलं, आणि गिळला. संपलं, गोदूबाईला वाटलं. आता म्हणतील म्हातारी खुळी झाली.

“आमचा झाड लागतंय,” अनंता सावकाश म्हणाला.

“आमचा पन,” जनू घाईनं म्हणाला.

सखा पाटलांनी मोठा घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाले, “गोदूबाय, काय मुरवलास गो. शिंदी कुठं सरते आन ताडी कुठं चालू होते, पत्ताच लागत नाय.” लोकांनी माना डोलावल्या. साखर वाटली गेली. गोदूबाई पाटावरून उठली, आणि आपण जिंकलो की काय झालं हे तिला समजत नव्हतं.

पाहुणे निघायच्या वेळी अनंता गोठ्यामागं तिच्याजवळ आला. मोठा रुबाबदार माणूस, पण हात जोडून उभा राहिला.

“बाय, तुजं उपकार. तुला कललं आन तू झाकलंस.”

“काय कललं?” गोदूबाईनं विचारलं. तिला खरंच काही कळलं नव्हतं.

“आता माज्याच तोंडून वदवतेस? बरं. शिंद्या हायत कुठं? गेल्या साली तोडल्या. कॅम्पान, फालनीत आलेल्या सिंधी लोकांची दुकानं उभी राहतात, त्यांना खांब पायजे व्हते, देऊन टाकल्या. ही ताडी सुकऱ्याकडची, बारवीच्या वाटेवरल्या वाडीतली. जनूला बोलू नको.” आणि तिनं काही बोलायच्या आत तो निघूनही गेला.

गोदूबाई तिथंच उभी राहिली. म्हणजे डोळा ठीक होता. बोट ठीक होतं. अनंताच्या मडक्यात शिंदी नव्हतीच, ताडीच होती. तिला हसू यायला लागलं, तेवढ्यात जनू आला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, “गोदूबाय, माजी लाज राखलीस.”

“तुजी कंची?”

“उगा आता. तू पयल्याच थेंबाला वलखलंस, मी बघत व्हतो. आपल्या ताडावं चढनारा धाकलू गेला कॅम्पान कामाला, चार नंबरला, सिंध्याच्या कारखान्यात. झाडं उभी हायत पन चढल कोन? मंग सुकऱ्याकडशी आनली. अनंताला कललं असतं तर? त्याची आपल्या झाडाची, आन आपली इकतची.”

जनू डोळे पुसत गेला. गोदूबाई गोठ्याच्या कुडाला टेकून खाली बसली. दोघांचीही ताडी सुकऱ्याची. एकाच झाडाची, कदाचित एकाच मडक्यातली. तिनं चाळीस माणसांसमोर डोळे मिटून, अर्धी पळी मागे घेऊन, एका ताडीचा तिच्याशीच मेळ घातला होता. आणि दोघा बापांनी त्यात आपापलं झाड ओळखलं होतं. आणि पाटलांना शिंदी कुठे संपते ते सापडलं नव्हतं. ती खूप हसली. हसून झाल्यावर तिला वाटलं, देवानंच आपल्याला सांभाळलं. आता कोण आपली जीभ तपासणार? दोन घरं आपल्या धाकात, पाट जन्मभराचा पक्का. त्या दिवशी चिमीनं पळी आपटली तेव्हा गोदूबाईला ती ऐकूसुद्धा आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीवर गेली, तिथं काशी एकटी होती. रडून डोळे सुजलेले. गोदूबाईला वाटलं, माहेर सुटणार म्हणून पोर रडतेय, आणि ती गोड काहीतरी बोलायला गेली.

“आजे, तू कनाला खोटी बोललीस?” काशी म्हणाली.

गोदूबाईनं कळशी खाली ठेवली.

“मी बाबासंगं गेल्लू सुकऱ्याकडं मडकं आनाला. बाबा पुढं गेला तवा सुकऱ्या मना बोल्ला, ह्याच्यातली अर्दी अंबरनाथचे पावने नेनार हायत. एकच मडकं, आजे. अर्दी तिकडं, अर्दी इकडं. मी घरान कुनालाच बोल्लू नाय. मी म्हटलं, गोदूआजीच्या जिभंला कललं का ती सांगल मेल लागला नाय. रातभर खुशीनं झोपलू नाय मी. आन तू बोट वर केलंस.”

“तुना लगीन नको हाय?”

मग काशीनं सांगितलं. चंदूची पहिली बायको भिकी, वांगणीची. दोन वर्षांत माहेरी निघून आली, परत गेली नाही. का, ते कुणी विचारलं नाही. काशीनं बदलापूरच्या बाजारात तिला गाठलं होतं. भिकीनं फार काही सांगितलं नाही. वांगी निवडता निवडता बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या, हात दाखवला, परत खाली केल्या, आणि म्हणाली, नको जाऊ. काशीनं बापाला सांगून पाहिलं. बाप म्हणाला, शब्द दिलाय, आणि बायकांच्या बाजारातल्या गप्पांवर सोयरीक मोडत नाहीत.

“मेल मोडला असता तर बाबाला कोन काय बोल्लं नसतं. मना पन नाय,” काशी म्हणाली. “तुना कलत व्हतं आन तू तोंड बंद ठेवलंस. दोगांची लाज राखलीस. माजं काय?”

“मना कलत नव्हतं, पोरी.” गोदूबाईच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं. “पौषापासून माजी जीभ गेलीय. मना गूळ कलत नाय का मीठ कलत नाय. मी निसता अंदाजानं घातला मेल.”

काशीनं तिच्याकडे इतक्या तिरस्कारानं पाहिलं की गोदूबाईनं मान खाली घातली. “आता आनी हे,” पोर म्हणाली, आणि कळशी उचलून निघून गेली.

पुढचे तीन दिवस गोदूबाईच्या डोक्यात नुसती घुसळण चालली होती. सांगावं की दोन्ही मडकी एकच होती? मग अनंता आणि जनू भर मांडवात एकमेकांच्या उरावर बसतील, दोघांची अब्रू जाईल, आणि भांडणातून मोडलेली सोयरीक मुलीच्याच कपाळी चिकटते. शिवाय लोक विचारतील, मग तेव्हा गप्प का बसलीस? गप्प राहावं? मग पाट राहील, लुगडं राहील, आणि काशी वालधुनीपलीकडे जाईल. सांगावं की आपली जीभ गेली? मग काशी सुटेल कदाचित, पण गोदूबाई राहणार नाही, चिमीच्या घरात पडवीतली एक म्हातारी तेवढी राहील. तिला पोरीचा राग आला. स्वतःचा बाप ऐकत नाही आणि दुसऱ्याच्या जिभेवर जीव टांगून बसते. मग स्वतःचा राग आला, कारण तिला रात्रंदिवस जी भीती वाटत होती ती काशीसाठी नव्हतीच, पाटासाठी होती. हे कळलं तेव्हा तिला लाज वाटली. लाज वाटूनही पाट सोडवेना.

शुक्रवारी तारीख काढायला अंबरनाथकर जनूकडे आले. गोदूबाईला बोलावणं होतंच. पाटावर बसायच्या आधी तिनं उभ्यानंच सांगून टाकलं. बसल्यावर उठता आलं नसतं, हे तिला माहीत होतं.

“पाटील, सोमवारचा मेल खोटा हाय. माजी जीभ पौषान गेली. मना चव कलत नाय.”

अनंताचा चेहरा पांढरा पडला, कारण त्याला वाटलं आता आपली शिंदी निघते. जनूचाही पडला, कारण त्याला वाटलं आता आपला ताड निघतो. आणि सखा पाटील हसले.

“गोदूबाय, कुनी काय बोल्लं काय तुना? असा मेल घालून बोलतेस जीभ गेली?”

“खरा सांगतंय.”

पाटलांनी आतून दोन वाटगे मागवले, एकात गुळाचं पाणी, एकात मिठाचं. तिचे डोळे मिटवले आणि एक वाटगा तिच्या ओठाला लावला. “बोल.”

“नाय कलत.”

“बोल तर. चुकलीस तर चुकलीस.”

ती वैतागून म्हणाली, “मीठ.”

मिठाचंच होतं. मांडवात सुटकेचा हशा पिकला. अनंता सगळ्यांत मोठ्यानं हसला. गोदूबाई डोळे उघडून बावळटासारखी वाटग्याकडे बघत राहिली. बावीस वर्षं खरं सांगून ते खरं ठरलं, सोमवारी खोटं सांगितलं तेही खरं ठरलं, आणि आज खरं सांगतेय तर ते खोटं ठरतंय. आता काय करावं हे तिला सुचेना. लोकांनी तिला हाताला धरून पाटाकडे न्यायला सुरुवातही केली.

तेवढ्यात दाराआडून एक कोवळा हात बाहेर आला आणि उंबऱ्यावर तांब्याचं भांडं ठेवून परत गेला. काडेचिराईताचा कडू काढा होता. पाटलांच्या हिवतापासाठी जनूच्या बायकोनं सकाळपासून उकळत ठेवलेला, काळा झालेला. तो घोटभर घेताना पाटील खांब धरत आणि नंतर दोन वेळा थुंकत, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

गोदूबाईनं भांडं उचललं आणि उभ्यानं पिऊ लागली. गटागटा नाही. चहा प्यावा तशी, एक घोट, मग थांबून दुसरा. तोंडावरची रेघ हलली नाही. तळाचा गाळ तिनं बोटानं काढून चाटला. मग भांडं उलटं करून पाटलांच्या पुढ्यात ठेवलं. पाटलांनी भांड्याच्या कडेला बोट लावून जिभेवर घेतलं, आणि त्यांचं अख्खं अंग शहारलं.

कुणी हसलं नाही.

“मंग मेल फुकट,” पाटील म्हणाले. “गोदूबाय, तुजा दोष नाय. आपुन कुलगावच्या धोंडीला बोलवू. त्याची पन जीभ चांगली हाय. दोगांनी आपापल्या झाडाची परत आना, सोमवारी घालू.”

अनंतानं घसा खाकरला. “माज्या शिंद्या आटल्यात आता, पाटील.”

“ताड तर हायत,” पाटील म्हणाले. “जनू?”

“माजी... माजी झाडं जरा सुकल्यात,” जनू म्हणाला. “घाई कनाला? पावसाल्यानंतर बघू.”

“बघू की,” अनंता लगेच म्हणाला. “पावसाल्यानंतर.”

चार दिवसांपूर्वी ज्यांना हळदीची घाई झाली होती ते दोघं आता एकमेकांना धीर धरायला सांगत होते, आणि मांडवातल्या लोकांना काही अर्थ लागत नव्हता. पावसाळ्यानंतर कोणी येत नसतं, एवढं मात्र सगळ्यांना कळत होतं. माणसं उठली. पाट कुणीतरी भिंतीला उभा करून ठेवला. गोदूबाई चालत घरी गेली, तिला सोडायला माणूस आला नाही.

वैशाखात पाटलांच्या पुतण्याची सोयरीक झाली. पुढच्या सालापासून सरकार ताडी कायमची बंद करणार अशी बोलवा होती, त्यामुळे माणसं जरा जास्तच जमली होती. पाटावर कुळगावचा धोंडी होता, नव्या पागोट्यात. गोदूबाई मागं, लाकडांच्या ढिगाजवळ, बायकांत बसली होती. जुनंच लुगडं. धोंडीनं बोट वर केलं, पुढं वाटगे फिरले. लोक ‘बरा हाय’ म्हणाले, पण कुणीतरी पुटपुटलं, काय तरी कमी हाय, आणि काय कमी आहे हे कुणाला सांगता येईना.

वाटगा फिरत फिरत मागं बायकांत आला. गोदूबाईनं तो न पिताच पुढं सरकवला. शेजारी काशी बसली होती. दोन महिन्यांत ती गोदूबाईशी एक शब्द बोलली नव्हती. तिनं वाटगा घेतला, घोट घेतला, आणि पुढ्यात बघतच हळू आवाजात म्हणाली,

“पयली गोड लागते, आजे. जिभंच्या टोकाला.”

गोदूबाईनं तिच्याकडे पाहिलं.

“मंग मदी काय नाय. रिकामा. आन गिलताना एकदम आंबट, कानाच्या खाली.”

“मदी काय नाय बोल्लीस?”

“नाय. जसा पाऊल टाकलं आन खाली जमीन नाय.”

गोदूबाईनं डोळे मिटले. शिंदीच्या किती, ताडाच्या किती, तिला स्वच्छ दिसलं.

“शिंदी जास्त परली,” ती म्हणाली. “ताडाची एक पली पायजे. एकच.”

“सांगू काय पुढं जाऊन?”

“नको. आज त्याचा मान हाय.”

गोदूबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि आपण का रडतोय हे तिला काही केल्या समजेना. तिनं पदरानं नाक पुसलं.

“अजून एक घोट घे,” ती काशीला म्हणाली, “आन सावकाश सांग.”